सोलरला थंडी अडवत नाही, आभाळ अडवतं: धायरीतला आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर २०२१ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, आम्ही गच्चीवर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवला. आता जून २०२२ लागलाय. एक अख्खा हिवाळा, त्यात दोनदा बिघडलेली हवा आणि मार्च-एप्रिलचं रणरणतं ऊन, एवढं या यंत्रानं आमच्याकडे बघितलं. घेण्याआधी मी जे जे वाचलं ते एकतर दुकानदारांचं होतं, नाहीतर बसवल्यावरच्या पहिल्या आठवड्यातलं. म्हणून मुद्दाम थांबले आणि आता लिहायला बसले.

आमचं घर पुण्यात धायरीत, शेवटच्या म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. माणसं पाच. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, आणि थंडीत सकाळी अंगावर कढत पाणी पडल्याशिवाय त्यांचे गुडघे मोकळे होत नाहीत. खडकवासला धरण घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं, पण सोसायटीत बहुतेक दिवस पाणी बोअरचं किंवा टँकरचं. हे आधीच सांगते, कारण पुढची निम्मी कहाणी या पाण्याचीच आहे. धरणाचं पाणी मऊ असतं, बोअरचं जड. त्यातले क्षार पाणी तापलं की खाली बसतात आणि जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथेच घट्ट चिकटतात.

सोलर घेतला तो काचेच्या नळ्यांचा, ज्याला ईटीसी म्हणतात. दुहेरी काच, मध्ये निर्वात पोकळी, त्यामुळे आत शिरलेली उष्णता बाहेरच्या गार वाऱ्याला मिळत नाही. मला शंका होती की आठ-नऊ अंशांच्या थंडीत याचा काय निभाव लागणार? ती शंका त्या हिवाळ्यात फिटली. पुण्यात कडाक्याची थंडी पडते तेव्हा आभाळ निरभ्र असतं. ढगांचं पांघरूण नसतं म्हणूनच रात्री जमिनीची ऊब निघून जाते आणि पहाटे पाषाण-शिवाजीनगरचा पारा एकआकडी होतो. पण तेच स्वच्छ आभाळ दिवसा लख्ख ऊन देतं. त्या दिवसांत दुपारी चारला नळाखाली हात धरवत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहालाही बादलीत निम्मं गार पाणी मिसळावं लागत होतं. थंडीसाठी या यंत्राला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

पण १ डिसेंबरला अवकाळी आला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला होता आणि पुण्यात दिवसभर, रात्रभर पाऊस लागून राहिला. वारा बोचरा, दिवस आणि रात्रीच्या गारठ्यात फरकच उरला नव्हता. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे शेकडो मेंढ्या गारठून मेल्याच्या बातम्या त्याच दोन दिवसांतल्या. पारा काही एकआकडी नव्हता, पण ओल्या गारठ्यानं म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात. सासूबाई शाल, स्वेटर, पायमोजे घालून स्वयंपाकघरात गॅसजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. पहिल्या दिवशी आदल्या दिवसाच्या साठ्यावर निभावलं. २ तारखेला सकाळी नळाला आलं ते जेमतेम कोमट पाणी, आणि तिसरी बादली तर गारच.

अशा वेळेसाठी सोलरच्या टाकीत विजेची कॉइल असते. बसवताना मला ठासून सांगितलं होतं, बटण दाबा की झालं. मी बटण दाबलं आणि ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच, खाड्कन पडला. परत चढवला, परत पडला. सगळ्या घरातली वीज गेली ती वेगळीच. पाऊस ओसरल्यावर वायरमननं गच्चीवर जाऊन बघितलं, तर कॉइलच्या जोडणीवरच्या झाकणाला रबरी पट्टीच नव्हती. वाऱ्यानं तिरपा मारा केलेला पाऊस थेट आत गेला होता आणि टर्मिनलवर पाण्याचे थेंब उभे होते. ईएलसीबी होता म्हणून तो पडला आणि आम्ही वाचलो. बसवणाऱ्यानं फोनवर आधी हात झटकले, मग दहा दिवसांनी माणूस पाठवला. पट्टी दहा-वीस रुपयांची असेल. सोलर घेतलात तर पैसे चुकते करण्याआधी ते झाकण तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा.

मग उरला न्हाणीघरातला जुना २५ लिटरचा गिझर. सोलर बसवताना "आता हा काढूनच टाका" असा सल्ला मिळाला होता, तो आम्ही ऐकला नाही याचं मला आजही बरं वाटतं. पण तोही दीड महिना बंद होता आणि त्याआधीची नऊ वर्षं आम्ही त्याला एकदाही उघडलेलं नव्हतं. चालू केल्यावर आतून चुरमुरे भाजल्यासारखा तडतड आवाज, तासभर झाला तरी पाणी कोमटच, आणि मग दिवाच विझला. शेवटी त्या दिवशी पातेल्यात पाणी तापवून सासूबाईंना आंघोळ घातली. त्यांचं माहेर कसबा पेठेतलं. तांबट आळीतून आणलेल्या तांब्याच्या बंबात करवंट्या घालून पहाटे पाणी तापवायचे, पाऊस असो की थंडी, हे त्यांनी त्या दिवशी मला तीनदा सांगितलं. कोरड्या करवंट्यांचं पोतं पावसाळ्याआधीच माळ्यावर चढवलेलं असायचं, हेही सांगितलं. ती गोष्ट माझ्या मनात राहिली.

वायरमननं दुसऱ्या दिवशी गिझर उघडला तेव्हा मी शेजारी बादली धरून उभी होते. मेन बंद, पाण्याचा कॉक बंद, मग खालचा पाइप सोडला. आधी साधं पाणी आलं, मग ताकासारखं पांढरट, आणि शेवटी तुरीच्या दाण्याएवढे खडे बादलीत टपटप पडायला लागले. बोल्ट काढून कॉइल जिच्यावर बसवलेली असते ती प्लेट खाली ओढली तर ती येईना. हलवत हलवत बाहेर काढली तेव्हा कॉइल कुठे आहे हेच कळेना. तिच्यावर बोटभर जाडीचा चुन्यासारखा थर बसला होता. पेचकस टोचल्यावर कपच्या निघाल्या आणि आत तांबूस, एका जागी काळी पडून तडकलेली कॉइल दिसली. उष्णता या थरातून पाण्यात जाऊच शकत नव्हती, म्हणून कॉइल स्वतःच जळत होती आणि कटआउट पुरवठा तोडत होता. शेजारी ॲनोड रॉड. नवीन असताना ती मॅग्नेशियमची अंगठ्याएवढी जाड कांडी असते. पाण्यानं टाकीचा पत्रा खाण्याऐवजी आधी हिला खावं म्हणून ती घातलेली असते. आमच्या कांडीची छत्रीच्या काडीएवढी तार उरली होती.

"ताई, टाकी वाचली हे नशीब समजा," वायरमन म्हणाला. "अजून थोडे दिवस गेले असते तर टाकीलाच भोक पडलं असतं, मग काही करता येत नाही."

कॉइल, कांडी आणि गॅस्केट, म्हणजे प्लेटखालची रबरी चकती, आणायला आमचे हे तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले. जाताना जुनं गॅस्केट पिशवीत घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. माप जरा चुकलं तरी प्लेटमधून पाणी झिरपतं. मजुरी धरून दीड हजारांच्या आत सगळं झालं. नवीन गिझर याच्या कितीतरी पटीत पडला असता. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. गिझर तापताना त्याच्या व्हॉल्व्हमधून पाणी थेंब थेंब टपकतं, ते गळणं नसतं. पाणी तापलं की फुगतं, त्याला तिथून वाट दिलेली असते. आमच्या खालच्या मजल्यावर कुणीतरी तिथे बूच मारून ठेवलं होतं. वायरमननं जाऊन ते त्याच दिवशी काढायला लावलं, कारण वाट बंद झाली की टाकी फुटू शकते.

माझा अनुभव विचाराल तर ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीतल्या कॉइलपेक्षा न्हाणीघरातला गिझरच बरा. हिशोब साधा आहे. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला नऊ युनिटांहून जास्त वीज लागते आणि २ किलोवॅटच्या कॉइलला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. तेच २५ लिटर पाणी ५५ अंशांपर्यंत तापवायला साधारण एक युनिट आणि अर्धा तास. सासूबाईंच्या एका आंघोळीसाठी अख्खी टाकी कशाला तापवायची? थर्मोस्टॅटही आता मी ५० ते ५५ च्या मध्ये ठेवते. पूर्वी तो शेवटपर्यंत फिरवलेला असायचा, आणि पाणी जितकं जास्त तापतं तितका थर लवकर बसतो.

दुसरा दणका जानेवारीत. २३ जानेवारीला पाकिस्तानकडून आलेलं धुळीचं वादळ गुजरात-मुंबई करत पुण्यावर आलं. सकाळी सिंहगड दिसत नव्हता, गाड्यांवर पिठासारखी पांढरी धूळ. दोन दिवस सूर्य चंद्रासारखा फिका आणि थंडी एकदम वाढलेली. या वेळी गिझर तयार होता, त्यामुळे घरात कुणाला काही जाणवलं नाही. पण वादळ गेल्यावरही सोलरचं पाणी पूर्वीसारखं तापेना. गच्चीवर गेले तर नळ्यांवर धुळीचं पूट. ओल्या फडक्यानं पुसल्या, दोन दिवसांत पाणी पहिल्यासारखं. पुसायच्या त्या पहाटे किंवा संध्याकाळीच. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते. दुपारी रिकामी टाकी भरायलाही याच कारणासाठी कुणाला परवानगी देऊ नका, मग प्लंबर कितीही घाईत असो.

बाकीचं थोडक्यात. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपात रात्रभर गार झालेलं अडीच-तीन लिटर पाणी आधी येतं. ते आम्ही बादलीत धरून फरशी पुसायला वापरतो. पाइपाला उष्णतारोधक आवरण घातलंच पाहिजे, आमच्याकडे ते उन्हानं सहा महिन्यांत फाटायला लागलंय, वरून पांढरी टेप गुंडाळावी लागली. शॉवरच्या मिक्सरमधून गार पाणी गरम पाण्याच्या लाइनीत घुसत होतं, कारण गार बाजूचा दाब जास्त. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवल्यावर थांबलं. एप्रिलमध्ये पाणी इतकं उकळतं की आम्ही निम्म्या नळ्यांवर जुनी चादर टाकली. लहान मुलं असतील त्यांनी उन्हाळ्यात गरम नळ जपावा.

बिलाचं विचाराल तर हिवाळ्यातल्या महिन्यांत आधीच्या वर्षीपेक्षा चारशे-साडेचारशे रुपये कमी आलं, अवकाळीचे दिवस धरूनही. यंत्र आणि पाइपकाम मिळून आम्हाला बत्तीस हजार लागले, ते वसूल व्हायला वेळ लागेल. मिळकतकरातल्या सवलतीसाठी अर्ज केला आहे. शेवटच्या मजल्यावर किंवा बंगल्यात राहणाऱ्यांना मी हे मनापासून घ्यायला सांगेन. खालच्या मजल्यावर, पाइप लांब जात असेल आणि घरात दोनच माणसं असतील, तर चांगला १५ लिटरचा गिझर घ्या आणि दरवर्षी दिवाळीआधी उघडून साफ करून घ्या.

सासूबाईंच्या करवंट्यांवरून मी एक रीत घातली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला गिझर अर्धा तास आणि गच्चीवरची कॉइल दहा मिनिटं चालू करून बघते, ऊन असलं तरी. ईएलसीबीचं टेस्टचं बटणही तेव्हाच दाबते. या एक तारखेला गच्चीवर गेले तेव्हा उजवीकडून चौथी नळी खालच्या टोकाला पांढरी दिसली. तिथे चंदेरी मुलामा असतो, तो पांढरा पडला म्हणजे आतल्या निर्वात पोकळीत हवा शिरली. पाणी गळत नाही, पण ती नळी आता ऊब धरणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत बदलायची आहे. प्लंबरला रविवारी सकाळी सातला बोलावलंय, ऊन चढायच्या आधी.