पिग्मी शॅमेलिऑनची अंडी: टेरॅरियममध्येच ठेवावी की डब्यात काढावी?

मादी फांदीवरून खाली उतरून पालापाचोळा उकरू लागली की लगेच ठरवावं लागतं, अंडी तिथंच राहू द्यायची की काढून घ्यायची. हे सगळं रिपेलिऑन ब्रेविकॉडेटस, म्हणजे दाढीवाल्या पिग्मी शॅमेलिऑन या बुटक्या सरड्याबद्दल आहे. टांझानिया आणि केनियातल्या किनारी जंगलांत आणि उसंबारा, उलुगुरूच्या डोंगरांत तो राहतो. पूर्ण वाढला तरी आठेक सेंटिमीटरच. युरोप-अमेरिकेत आजवर विकले गेलेले बरेचसे पिग्मी थेट जंगलातून पकडून आणलेले होते, म्हणून घरात निघालेलं एकेक पिल्लू मला मोलाचं वाटतं. मादी वीर्य साठवून ठेवू शकते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही अंडी घालू शकते, हे आधीच माहीत असू द्या.

भारतातल्या वाचकांसाठी कायद्याची बाजू आधी सांगतो. हा प्राणी 2017 पासून साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावीच लागते. पिल्लं झाली तर त्यांचीही. कागदपत्रं नसलेला प्राणी घेऊ नका. आणि आपल्या रानातला घोयरा सरडा हा पर्याय नाहीच, त्याला पकडणं हा सरळ गुन्हा आहे.

आता मूळ मुद्दा. टेरॅरियम, म्हणजे प्राणी ठेवायची माती-झाडांची काचेची टाकी, जुनं असेल, माती सगळीकडे सारखी ओलसर असेल, पाल्यात स्प्रिंगटेल (ओलसर पाल्यात राहणारे, उड्या मारणारे अगदी बारीक जीव) भरपूर असतील, तर अंडी तिथंच ठेवण्यात खरंच फायदा आहे. जागा मादीने निवडलेली असते, अंड्यांना हात लागत नाही आणि पिल्लू बाहेर पडतं तेव्हा त्याचं पहिलं खाणं तिथंच फिरत असतं. पण आत खाणं म्हणून मोकळे सोडलेले क्रिकेट, म्हणजे रातकिडे, असतील तर हा पर्याय विसरा. उपाशी क्रिकेट अंडी कुरतडतात, नुकत्या निघालेल्या पिल्लांनाही सोडत नाहीत. शिवाय पिल्लू जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. सुकलेल्या पानाच्या रंगाचं ते पोर मोठ्या टाकीत शोधूनही सापडत नाही, आणि ते खातंय की नाही हे कळायला मार्ग नसतो.

डब्यात काढायची तर मादी माती सारून वर आल्यावर त्याच दिवशी काढावीत. मी चमच्याने कडेकडेने माती बाजूला करतो, अंडं दिसलं की त्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने बारीक ठिपका देतो आणि तो ठिपका वरच राहील असं उचलतो. अंडं फिरवायचं नाही. डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) घ्यावं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. अंडी अर्धी पुरावीत, दोघांत अंतर ठेवावं, म्हणजे एकाला बुरशी आली तर ते काढता येतं.

ऊब देण्याचा उत्साह मात्र आवरा. येमेनच्या व्हेल्ड शॅमेलिऑनची अंडी एका खेपेला डझनांनी येतात आणि 27-28 अंशांवर सहा ते नऊ महिने घेतात, तिथे इन्क्युबेटर लागतो. पिग्मीची अंडी मोजकीच असतात, त्यांना 20 ते 23 अंश पुरे, आणि बहुधा दीड-दोन महिन्यांत, गारव्यात त्याहून उशिरा, पिल्लं निघतात. युरोपातल्या घरात कपाटाचा खालचा कप्पा चालतो. मुंबई-नागपूरच्या मे महिन्यात एसी लावल्याशिवाय जमणार नाही, मग तुम्ही कुठलाही पर्याय निवडा.

माझं मत डब्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण उबवणं नव्हे, संगोपन आहे. अंडी फुटण्याची वेळ डोळ्यांसमोर येते: कवचावर घामासारखे थेंब दिसतात, मग अंडं थोडं आत बसतं. तोवर खाणं तयार हवं. स्प्रिंगटेल आणि न उडणाऱ्या लहान फळमाश्यांची पैदास अंडी घातल्याच्या आठवड्यातच सुरू करा. पिल्लं निघाल्यावर धावपळ करून काही मिळत नाही. पिल्लांना पाच-सात लिटरचा हवेशीर डबा द्या. तळाला पाला, चार काटक्या. जागा छोटी असली की खाणं त्यांच्या समोर येतं. सकाळ-संध्याकाळ अगदी बारीक फवारा मारा. मोठ्या थेंबात पिल्लू बुडू शकतं, म्हणून तळाला पाणी साचू देऊ नका. माश्यांवर कॅल्शियमची पूड हलकीच लावा. मोठ्यांच्या टाकीत यातलं जवळपास काहीच नीट करता येत नाही.

तुमची टाकी वर्षभर जुनी असेल, क्रिकेट वाटीतच द्यायची सवय असेल, तर अंडी आतच ठेवायला माझी हरकत नाही. फक्त त्या कोपऱ्यात खणू नका, झाड लावू नका.

अंडी नेमकी कुठं घातली हे दिसलंच नसेल, किंवा कित्येक दिवसांनी अचानक हाती लागली, तर तिथंच राहू द्या. या टप्प्यावर हलवणं जास्त धोक्याचं. आणि डब्यातलं एखादं अंडं बाकीच्यांनंतरही तसंच राहिलं तर टाकून देऊ नका. बुरशी नसेल, ते पार सुकून चपटं झालं नसेल, तर आणखी काही आठवडे थांबा.