पहिला सोलो शो: जहांगीरची वाट बघायची की पुण्यात लावून मोकळं व्हायचं?

परवा कॉलेजच्या एका ज्युनिअरचा फोन आला, दादा वीसेक कॅनव्हास तयार आहेत, पहिला सोलो, म्हणजे एकट्याच्या चित्रांचं प्रदर्शन, कुठे लावू? त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, अजून कुणाला लागलं तर.

आधी मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून काळा घोड्याला आहे आणि अजूनही गावाकडच्या काकांना 'जहांगीरला शो आहे' एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. आत यायला तिकीट नाही, त्यामुळे कोर्टातले वकील, टूरिस्ट, जेजे आर्ट कॉलेजची पोरं, उन्हातून जरा सावलीला आलेला माणूस आणि खरोखर चित्र घेणारा गिऱ्हाईक, सगळे एकाच दारातून येतात. ही गर्दी दुसरीकडे नाही मिळत. पण शो असतो एक आठवडा, मंगळवार ते सोमवार, आणि त्या एका आठवड्यासाठी कामं पाठवा, कमिटीने सिलेक्ट केली तर मग नंबर लागायची वाट बघा, आणि ही वाट महिन्यांची नाही, वर्षांची असते. तोवर तुमची शैलीच बदललेली असते, दाखवायला पाठवलेली चित्रं एक आणि भिंतीवर लागणार भलतीच! नुकतेच पास आऊट असाल तर मान्सून शो बघा, तो नवीन पोरांसाठीच असतो. (गॅलरीतलं सामोवार कॅफे २०१५ ला बंद झालं, आता चहाला बाहेर पडावं लागतं, आमच्या पिढीला ते अजून पचलेलं नाही.)

बाहेर फुटपाथवर बसणाऱ्यांना हसू नका. तिथे पेंटर स्वतः चित्राशेजारी बसून दिवसभर लोकांशी बोलतो, समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतो, भाव तिथल्या तिथे ठरतो. एक दुपार त्यांच्याजवळ बसून बघा, आपल्या चित्राबद्दल दोन वाक्यं कशी बोलायची ते तिथे कळतं.

मुंबईच्या एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) मध्ये शो लावू का असंही त्याने विचारलं. अरे, ते सरकारी म्युझियम आहे, आपण हॉल बुक करायची जागा नाही ती. सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे म्हणून नावाचा घोळ होतो, बाकी काही नाही.

पुण्यात बालगंधर्व कलादालन. महापालिकेचं, भाडं भरा, तारीख घ्या, लावा. नाटकाला आलेली माणसं वेळ आहे म्हणून आत डोकावतात, अभिप्रायाच्या वहीत 'छान, असेच काढत राहा' लिहून जातात. विक्रीची फार आशा धरू नका, आणि तुमच्या आदल्या आठवड्यात तिथे रांगोळीचं प्रदर्शन असू शकतं, त्याचा कमीपणा वाटून घेऊ नका. एक मात्र कराच, कुठलाही भाड्याचा हॉल असो, आदल्या दिवशी जाऊन लाइट बघा. माझ्या एका शोला (जागेचं नाव नाही घेत) अर्धे स्पॉट बंद होते, उद्घाटनाला तास उरला असताना मी स्टुलावर चढून स्वतः आणलेले बल्ब लावत होतो आणि खाली पाहुणे पुष्पगुच्छ घेऊन उभे.

आणखी एक पर्याय पणजीतलं सुनापरांत हे कलाकेंद्र. २००९ पासून आल्तिनोच्या टेकडीवर आहे, जुनं घर, मधे अंगण, वर्कशॉप, गप्पा, प्रदर्शनं सगळं चालू असतं. पण इथे भाडं भरून भिंत मिळवायची हा हिशोबच नाही, त्यांच्या कार्यक्रमात तुमचं काम बसलं पाहिजे. चित्र खपवायचंय तर इथे येऊ नका, पण इन्स्टॉलेशन, व्हिडिओ असलं काही करत असाल किंवा दुसऱ्या आर्टिस्टशी बोलून डोक्याला खाद्य हवं असेल तर मी जहांगीरपेक्षा हेच सांगीन.

त्या पोराला मी सांगितलं, बालगंधर्वला यंदा लाव आणि जहांगीरचा अर्ज याच आठवड्यात टाक, दोन्ही कर. फक्त अर्जासाठी फोटो दिवसाउजेडी काढ, काच काढून. त्याने मला पाठवलेल्या फोटोत चित्रापेक्षा ट्यूबलाइट आणि त्याचा स्वतःचा मोबाईल जास्त दिसत होता.