लॅपटॉपऐवजी १४.६ इंची टॅब्लेट : स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कामातला पावसाळाभराचा अनुभव

कोल्हापुरात माझे स्ट्रक्चरल डिझाइनचे आणि जुन्या इमारतींच्या तपासणीचे काम चालते. कार्यालयात एक डेस्कटॉप आहे आणि साइटवर नेण्यासाठी एक लॅपटॉप होता. तो बदलायची वेळ आली तेव्हा त्याच पैशात नवा लॅपटॉप घ्यावा की मोठा टॅब्लेट, असा प्रश्न होता. मे महिन्यात मी सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस९ अल्ट्रा घेतला. आता थंडी पडू लागली आहे, म्हणजे पन्हाळ्यापासून गगनबावड्यापर्यंतच्या साइट्सवर आणि शहरातल्या पेठांमधल्या जुन्या घरांत त्याचा एक पूर्ण पावसाळा गेला आहे. या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की साइटवर हा टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेतो आणि पुढेही जातो, पण कार्यालयात ती जागा त्याला घेता येत नाही. प्रोसेसर कमी पडतो असे मुळीच नाही. आपले काम शेवटी कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात सादर करावे लागते, तिथे ही अडचण आहे.

निवड करताना माझ्यासमोर तेरा इंची आयपॅड प्रो हा दुसरा पर्याय होता. टॅब एस९ अल्ट्रा मी घेतला तो मुख्यतः पावसामुळे. हा टॅब्लेट आणि त्याचा पेन दोन्ही आयपी६८ दर्जाचे आहेत, म्हणजे धूळ आत जात नाही आणि ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात ठरावीक वेळ बुडाला तरी उपकरण टिकावे, अशी त्यांची चाचणी झालेली असते. गगनबावड्याकडच्या साइटवर जुलैमध्ये पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलो तर स्लॅबचे स्टील तपासायला महिना लागेल. लॅपटॉप त्या पावसात गाडीतून बाहेर काढताच येत नसे, त्यामुळे नकाशाच्या प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायच्या, त्यांवर बॉलपेनने खुणा करायच्या आणि कार्यालयात आल्यावर त्या ओल्या कागदांवरून पुन्हा सगळे टंकायचे, असा आमचा शिरस्ता होता.

पावसात टच स्क्रीनचे काय होते, हे विकत घेण्याआधी नीट समजून घ्यावे. बोटाचा स्पर्श ओळखणारा पडदा पाण्याच्या थेंबालाही स्पर्श समजतो, त्यामुळे भिजलेल्या काचेवर पान आपोआप सरकते, नकाशा नको तिथे मोठा होतो आणि बोटाने काही नेमके करणे अशक्य होते. पेनाचे तसे नाही. तो विद्युतचुंबकीय तत्त्वावर चालतो, म्हणजे पडद्याखालचा थर पेनाची जागा स्वतंत्रपणे ओळखतो, आणि लिहिण्यासाठी पेनाला चार्जिंगचीही गरज लागत नाही. नोट्सच्या अ‍ॅपमध्ये बोटाने रेघ उमटणे बंद करून फक्त पेन चालू ठेवला की रिमझिम पावसात छत्री धरूनही लिहिता येते. जोराच्या सरीत मात्र काच पुसल्याशिवाय काही दिसत नाही, त्याला इलाज नाही.

साइटवर प्रत्यक्ष काय बदलले, ते एका उदाहरणाने सांगतो. एका घराच्या पहिल्या स्लॅबचे स्टील तपासताना दोन बीमच्या वरच्या एक्स्ट्रा सळया कॉलमच्या पलीकडे पुरेशा लांब घेतलेल्या दिसल्या नाहीत, आणि एका कोपऱ्यात कव्हर ब्लॉक (सळई शटरिंगपासून वर उचलून धरणारा छोटा ठोकळा) सटकल्यामुळे सळई थेट शटरिंगच्या प्लायवर टेकली होती. मी जागेवरच फोटो घेतला, फोटोवर लाल रेघेने त्या सळया दाखवल्या, सळई कुठून कुठपर्यंत हवी ते मिलिमीटरमध्ये लिहिले आणि कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, २० मिमी राखण्याची सूचना शेजारी लिहून ते चित्र कंत्राटदाराला व फिटरला तिथेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. फिटर म्हणाला, "सायेब, असं लाल करून दिलं की बरं पडतंय, तोंडी सांगितलेलं इसरतंय." पूर्वी हीच सूचना मी तोंडी देत असे आणि संध्याकाळी कार्यालयात जाऊन तिचे पत्र करत असे. तेवढ्यात स्लॅब टाकायची घाई सुरू झालेली असे. सूचना देणे आणि तिची नोंद होणे या दोन गोष्टी आता एकाच वेळी होतात, आणि माझ्या व्यवसायात याचे मोल फार मोठे आहे.

जुन्या वाड्यांची तपासणी हे दुसरे काम. मंगळवार पेठेत किंवा शुक्रवार पेठेत दगडी जोते, विटा-मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर मागाहून टाकलेला लोखंडी गर्डरचा मजला अशी घरे आजही आहेत. त्यांचे नकाशे बहुधा कोणाकडेच नसतात. खोलीत उभे राहून पेनाने कच्चा आराखडा काढायचा, मापे लिहायची, भिंतीवरची भेग जिथे आहे तिथे तिची रुंदी टाकायची आणि त्याच जागी फोटो चिकटवायचा, हे लॅपटॉपवर कधीच शक्य नव्हते. कागदावर आराखडा निघत असे, पण कोणता फोटो कोणत्या भेगेचा, हे जुळवण्यात अख्खी संध्याकाळ जात असे. नोट्समध्ये लिहिताना आवाजही नोंदवता येतो आणि नंतर एखाद्या ओळीवर टिचकी मारली की ती लिहिताना काय बोलणे चालले होते ते ऐकू येते. घरमालक कोणत्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते ते सांगत असतात, तेव्हा ही सोय विशेष उपयोगी पडते. अंधाऱ्या जिन्यात फोटो मात्र मी फोननेच काढतो आणि टॅब्लेटवर घेतो, कारण एवढी मोठी पाटी एका हाताने उंच धरून फोटो काढणे अवघड जाते.

पडद्याच्या आकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण १४.६ इंच हा आकडा कर्णाचा आहे आणि नकाशा पाहणाऱ्याला कर्णाचा उपयोग नसतो. हा पडदा १६ : १० प्रमाणाचा आहे, म्हणजे साधारण ३१४ मिमी रुंद आणि १९७ मिमी उंच. आपले नकाशे ए१ किंवा ए२ कागदावर असतात आणि त्या कागदांचे प्रमाण १.४१४ : १ असते. त्यामुळे आडवा ए१ नकाशा या पडद्यावर पूर्ण बसवला की दोन्ही बाजूंना पट्ट्या रिकाम्या राहतात आणि नकाशा मूळ लांबी-रुंदीच्या एक तृतीयांश होतो. तेरा इंची आयपॅडचा पडदा ४ : ३ प्रमाणाचा असल्यामुळे त्याची उंची जवळजवळ एवढीच भरते. हिशेब केला तर तोच नकाशा इथे सुमारे २७९ मिमी रुंद दिसतो आणि तिथे सुमारे २६५ मिमी. केवळ नकाशासाठी म्हणून १४.६ इंचांचे वजन उचलण्यात फारसा अर्थ नाही. पडदा दोन भागांत विभागला की मात्र ही जास्तीची रुंदी सार्थकी लागते. प्रत्येक अर्धा भाग ए५ कागदाएवढा होतो. डावीकडे आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाचे पान आणि उजवीकडे माझी टिपणे, किंवा डावीकडे आर्किटेक्टचा नकाशा आणि उजवीकडे माझे कॉलम लेआउट, अशी मांडणी मी रोज वापरतो.

आता कार्यालयाची बाजू. कीबोर्ड कव्हर लावून आणि डेक्स (सॅमसंगची संगणकासारखी मांडणी) सुरू करून टॅब्लेट टेबलावर ठेवला की तो लॅपटॉपसारखा दिसतो, खिडक्या एकावर एक उघडतात, माऊस चालतो, यूएसबी-सी हबमधून मोठा मॉनिटरही जोडता येतो. पत्रे, ईमेल, मीटिंग, पीडीएफ तपासणे इथपर्यंत काही अडत नाही. डिझाइन सुरू झाले की ही सोय संपते. ईटॅब्स आणि स्टॅड प्रो ही आमची विश्लेषणाची सॉफ्टवेअर विंडोजवरची आहेत, त्यांना अँड्रॉइडवर पर्याय नाही. ऑटोकॅडचे मोबाइल अ‍ॅप डीडब्ल्यूजी फाइल उघडते, लेयर चालू-बंद करते, मापे देते, किरकोळ दुरुस्तीही करू देते, परंतु आम्ही वर्षानुवर्षे जमवलेल्या, लिस्प या ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या भाषेतल्या छोट्या आज्ञा त्यात चालत नाहीत आणि त्यांच्याशिवाय ड्राफ्ट्समनचा वेग राहत नाही. बांधकाम परवान्यासाठी यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे) नकाशा ऑनलाइन सादर करायचा असला तरी त्याची तयारी संगणकावरच्या ऑटोकॅडमध्येच होते.

एक्सेलचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते टॅब्लेटवर आहे आणि तरीही काम पुरे होत नाही. अँड्रॉइडवरील एक्सेलमध्ये व्हीबीएचे मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम, चालत नाहीत. आमची फुटिंगची (पायाची) आणि बार बेंडिंग शेड्यूलची (सळया कापण्या-वाकवण्याच्या यादीची) फाइल मॅक्रोंवर उभी आहे. साइटवर निदान सळईचे वजन तरी काढता यावे म्हणून मी मॅक्रोशिवायची साधी फाइल वेगळी तयार केली आहे. व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले १६२ (म्हणजे मीटरमागे किलो) हे नेहमीचे सूत्र आणि लांबी एवढ्यावर ती चालते, आणि ट्रकमधून आलेला माल मोजून घेताना पुरते. आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही : मायक्रोसॉफ्टची मोबाइल ऑफिस अ‍ॅप १०.१ इंचापर्यंतच्या पडद्यावरच फुकट संपादन करू देतात. त्याहून मोठ्या टॅब्लेटवर वर्गणी भरावी लागते, आणि तो वार्षिक खर्च खरेदीच्या हिशेबात आधीच धरला पाहिजे.

मात्र ज्या गोष्टीमुळे टॅब्लेट हे एकमेव साधन म्हणून माझ्या दृष्टीने बाद ठरते, ती गोष्ट अंगठ्याएवढी आहे : डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन. राज्य शासनाच्या ई-निविदा पोर्टलवर निविदा भरताना स्वाक्षरी या टोकनातून करावी लागते. त्यासाठी टोकनचा ड्रायव्हर आणि स्वाक्षरीचे साहाय्यक सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे लागते, आणि ते टॅब्लेटसाठी बनवलेलेच नाही. निविदेची सगळी कागदपत्रे टॅब्लेटवर वाचता येतील, दर ठरवता येतील, पण सादर करण्यासाठी संगणकासमोर बसावेच लागते. अंतिम तारखेच्या संध्याकाळी आपण साइटवर असू आणि जवळ फक्त टॅब्लेट असेल, तर त्याचा वेगवान प्रोसेसर आणि सुंदर पडदा यांचा काडीचा उपयोग नाही.

मराठी मजकुराचाही प्रश्न आहे. ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि काही कार्यालये यांच्याकडून येणाऱ्या वर्ड फाइल अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. संगणकावर तो फाँट बसवलेला असतो म्हणून त्या वाचता येतात, टॅब्लेटवर त्याच फाइलमध्ये रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. मी आता अशा संस्थांना पीडीएफ पाठवायची विनंती करतो. याउलट स्वतः मराठी लिहिण्याचा अनुभव चांगला आहे. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर मराठी बोलून किंवा पेनाने देवनागरीत लिहून मजकूर उमटतो, आणि पाहणी अहवालातील लांबलचक वर्णने मी हल्ली खोलीत फिरत फिरत बोलूनच उतरवतो. बांधकामातले शब्द अधूनमधून चुकतात, ते नंतर दुरुस्त करतो.

बॅटरी ११,२०० एमएएचची आहे आणि सकाळी निघून संध्याकाळी परतेपर्यंत मला चार्जरची आठवण होत नाही. टॅब्लेट ७३२ ग्रॅमचा आहे, एका हातावर पेलून उभ्याने लिहिताना मनगट भरून येते, म्हणून मागे पट्टा असलेले कव्हर घेतले. कीबोर्ड कव्हरसकट त्याचे वजन हलक्या लॅपटॉपच्या जवळ जाते आणि ते मांडीवर ठेवून टंकताना डळमळते. ते आता कार्यालयातच असते. काच चकचकीत असल्याने मार्च-एप्रिलच्या उन्हात अडचण होईल असे वाटते. २०२४ च्या एस१० अल्ट्रामध्ये प्रतिबिंब कमी करणारा लेप दिलेला आहे, तेव्हा आज खरेदी करणाऱ्याने तो उन्हात धरून पाहावा. मॅट फिल्म लावण्याचाही उपाय आहे, पण तिच्यामुळे पेनाचे टोक लवकर झिजते.

कार्यालयात टॅब्लेट अगदीच पडून राहत नाही. त्याची विंडोज संगणकाला बिनतारी दुसरा पडदा म्हणून जोडणी होते. डेस्कटॉपवर ईटॅब्सचे मॉडेल आणि शेजारी टॅब्लेटवर आर्किटेक्टचा नकाशा अशी बैठक मला मानवली आहे, आणि दुसरा मॉनिटर घेण्याचा बेत मी सोडून दिला.

एकच साधन परवडणार असेल आणि कार्यालयात संगणक नसेल, तर आमच्या व्यवसायातल्या नवोदिताने लॅपटॉपच घ्यावा, आणि साइटसाठी साधा, लहान, पेन चालणारा टॅब्लेट पुढे सवडीने घ्यावा. विंडोजवर चालणारे सरफेस प्रोसारखे टॅब्लेट हा मधला मार्ग आहे, पण २०२४ पासूनच्या काही मॉडेलांत स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आहे, आणि इंटेलच्या प्रोसेसरसाठी बनवलेली सॉफ्टवेअर व ड्रायव्हर त्यावर चालतीलच असे नाही. विंडोज आहे म्हणजे सगळे चालेल असे गृहीत धरू नये. आपला स्वाक्षरीचा टोकन आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर घेऊन दुकानात जावे, ते तिथेच चालवून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.