विचर ३ आणि एल्डन रिंग: समीक्षक नेमके कशावर भाळले?

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘द विचर ३’ हा व्हिडिओ गेम २०१५ चा, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘एल्डन रिंग’ २०२२ चा. दोघांनीही आपापल्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान पटकावला आणि समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शंभरपैकी नव्वदी ओलांडली. कौतुकाची कारणं मात्र पार वेगळी.

विचरची वाहवा झाली ती लेखनासाठी. ब्लडी बॅरनचंच प्रकरण घ्या. दारुडा, बायकोला मारहाण करणारा माणूस, तरी त्याची कीव येते. कुठलाही निर्णय घ्या, मनाला रुखरुख लागतेच. साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या मोहिमाही तितक्याच मन लावून लिहिलेल्या. लढाई आणि नायक गेराल्टच्या अवघडलेल्या हालचालींवर मात्र काहींनी बोट ठेवलं.

एल्डन रिंगमध्ये गोष्ट कुणी हातात देतच नाही. क्वेस्टची यादी नाही, नकाशावर खुणांची गर्दी नाही. सुरुवातीलाच सोनेरी चिलखतातला ट्री सेंटिनेल नावाचा शत्रू धू धू धुतो. जमत नसेल तर खुशाल दुसरीकडे वळा! या मोकळिकीला समीक्षकांनी भरभरून गुण दिले. तक्रारी होत्या त्या पीसीवरच्या अडखळण्याच्या आणि पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या त्याच त्या बॉसच्या, म्हणजे तगड्या शत्रूंच्या.

एल्डन रिंगला मिळालेले गुण रास्तच आहेत. पण गोष्टीसाठी खेळणाऱ्यानं आकडे न बघता विचर घ्यावा.