सपोर्टवाले की पातळ सोलचे? दोन्ही वापरून झाल्यावर

धावण्याच्या बुटांचे हे दोन्ही जोड गेले कित्येक महिने आलटूनपालटून वापरतेय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. एक सपोर्टवाला: ड्रॉप 10 मिमी, म्हणजे टाच चवड्यापेक्षा तेवढी उंच. सोलच्या आतल्या कडेला राखाडी फोमचा पट्टा आहे, अंगठ्याने दाबला तरी शेजारच्या पांढऱ्या फोमसारखा दबत नाही. पाऊल आत कलू नये म्हणून तो. दुसरा पातळ: ड्रॉप शून्य, सोल इतका लवचीक की बुटाची सहज गुंडाळी होते.

पहिला फरक जाणवतो तो आवाजाचा. जाड बुटात मी टाचेवर धपधप आपटत धावते. पातळ बुटात तसं एकदा करून बघा, ब्रह्मांड आठवेल! त्यामुळे कुणी न शिकवताही पावलं आखूड होतात आणि पाय चवड्यावर पडायला लागतो. संशोधक डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हेच मांडलं होतं: अनवाणी धावायची सवय असलेले बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यांना टेकतानाचा झटका कमी बसतो.

पण गुडघ्यावरचा भार हलका झाला तरी तो हवेत विरत नाही, पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. सुरुवातीला पोटऱ्या अशा भरून यायच्या की सकाळी जिना कठड्याला धरून उतरायचा. म्हणून आधी घरात घालून वावरले, मग फक्त धावण्याचा शेवटचा टप्पा, असं करत वाढवलं. पोटरी दुखली तर दोन दिवस थांबून पुढे जाता येतं. पावलाच्या वर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल तर मात्र धावणं बंद आणि डॉक्टर गाठायचा. पातळ बुटांकडे वळणाऱ्या काही धावपटूंच्या पावलांच्या हाडांत एमआरआयमध्ये सूज दिसली आहे.

सपोर्टबद्दल माझं मत जरा वेगळं झालंय. दुकानात ट्रेडमिलवर पळवून ‘तुमचं पाऊल आत झुकतं, हाच घ्या’ म्हणतात. 2013 मध्ये आलेल्या एका डॅनिश अभ्यासात 900 हून अधिक नवख्या धावपटूंना साधे, न्यूट्रल म्हणजे असा सपोर्ट नसलेले बूट दिले होते. पाऊल आत झुकणाऱ्यांना दुखापती काही जास्त झाल्या नाहीत. तरीही लांब पल्ल्याला मी सपोर्टवालाच जोड घालते, त्या कडक पट्ट्यासाठी नव्हे, कुशनसाठी. थकल्यावर चवड्यावर धावण्याची ऐट टिकत नाही, टाच आपटतेच.

गुडघा कुरकुरत असेल तर कमी ड्रॉप हळूहळू आजमावून बघा. टाचेमागची शीर आधीच दुखरी असेल तर त्या वाटेला जाऊ नका. माझ्या पातळ बुटाचं कापड करंगळीपाशी फाटत आलंय. पुढचा जोड 4 ते 6 मिमी ड्रॉपचा घेणार, पण पुढे बोटं पसरायला या पातळ बुटाइतकीच जागा हवी.