क्रोनस पाहावा तो रुबेन्सचा की गोयाचा?
माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेळ थोडा असेल, तर ग्रीक पुराणातल्या, पोटची पोरे गिळणाऱ्या क्रोनसच्या, म्हणजे रोमनांच्या सॅटर्नच्या, कोणत्या चित्रासमोर थांबावे, फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या की स्पॅनिश चित्रकार गोयाच्या, असे एका विद्यार्थिनीने विचारले. हा टायटन, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीतला देव, आणि काळाचा देव ख्रोनोस मुळात वेगळे. नामसाधर्म्यामुळे प्राचीन काळीच ते एक मानले जाऊ लागले.

देवाची ओळख हा निकष लावला, तर रुबेन्स सरस ठरतो. १६३६-३८ च्या त्याच्या चित्रात म्हाताऱ्याच्या हाती विळा आहे आणि वर तीन तारे आहेत, कारण सॅटर्नच्याच नावाचा ग्रह, म्हणजे शनी, गॅलिलिओला १६१० मध्ये दुर्बिणीतून तिहेरी दिसला होता. गोयाने, १८२०-२३ च्या सुमारास स्वतःच्या घराच्या भिंतीवर रंगवताना, यातले काहीच ठेवले नाही. चित्राचे नावही त्याने दिलेले नाही.

परिणामाचे पारडे मात्र उलटे झुकते. रुबेन्सचे मूल किंचाळते. गोयाच्या धडाला डोकेच उरलेले नाही, पाठीत बोटे रुतली आहेत आणि खाणाऱ्याचेच डोळे भीतीने विस्फारले आहेत. भिंतीवरून कॅनव्हासवर उतरवताना या चित्राची बरीच हानी झाली, तरीही.

पुराणकथा आणि तिची चिन्हे अभ्यासायची असतील, त्याने रुबेन्सपाशी थांबावे. काळाचे भय अनुभवायचे असेल, त्याने थेट गोयाकडे जावे.