दोन नोकऱ्या, करमुक्त रक्कम एकच: ब्रिटनमध्ये टॅक्स कोड वाटून घ्यावा का?

ब्रिटनमध्ये दुसरी नोकरी धरली की पहिल्याच पेस्लिपवर ‘बीआर’ असा टॅक्स कोड (किती सूट देऊन टॅक्स कापायचा, हे एम्प्लॉयरला सांगणारी खूण) दिसतो आणि पगारातले सरसकट २० टक्के गेलेले असतात. ‘दुसऱ्या नोकरीला जास्त टॅक्स लागतो’ हा समज इथूनच पसरतो. असा वेगळा दर नाहीच. टॅक्स ठरतो तो ६ एप्रिल ते ५ एप्रिल या वर्षातल्या एकूण कमाईवर, आणि त्यातले पहिले १२,५७० पौंड करमुक्त असतात. ही सूट माणसाला एकदाच मिळते, नोकरीगणिक नाही. १२५७एल म्हणजे पूर्ण सूट या नोकरीवर. बीआर म्हणजे सूट दुसरीकडे आहे, इथे पहिल्या पौंडापासून २० टक्के कापा.

ठरवायचं असतं ते एवढंच, की सूट एका नोकरीवर ठेवायची की दोन्हींत वाटून घ्यायची. २०२५-२६ चे आकडे घेऊन बघू. हॉटेलातून महिना ८०० पौंड आणि दुकानातून ६०० पौंड, म्हणजे वर्षाचे १६,८०० होतात. सूट वजा जाता उरतात ४,२३०, आणि त्यावर खरा टॅक्स ८४६ पौंड.

| हॉटेलचा कोड | दुकानाचा कोड | वर्षात कापला जाणारा टॅक्स | परिणाम |
|---|---|---|---|
| १२५७एल | बीआर | १,४४० | ५९४ जास्त गेले |
| ९६०एल | २९७एल | सुमारे ८४६ | बरोबर |
| १२५७एल | १२५७एल | ० | ८४६ देणं राहिलं |

पहिल्या ओळीत हॉटेलची कमाई ९,६०० असल्यामुळे सूट रकमेतले २,९७० पौंड वापराविना पडून राहतात. दुसऱ्या ओळीत तेच २,९७० दुकानाकडे वळवले आहेत. कोडमधल्या आकड्यापुढे एक शून्य दिलं की साधारण सूट कळते.

तिसरी ओळ सगळ्यात फसवी, कारण वर्षभर हातात पैसे जास्त येतात आणि कुणाला काही खटकत नाही. नोकरी सुरू होताना भरून घेतात त्या स्टार्टर चेकलिस्टमध्ये चुकीचं विधान निवडल्याने हे घडतं. आधीची नोकरी चालू असेल तर विधान ‘सी’च निवडायचं. ‘ए’ निवडलं तर दुसरा एम्प्लॉयरही पूर्ण सूट देऊन बसतो. बाकी रक्कम ३,००० पौंडांच्या आत असेल तर ती बहुधा पुढच्या वर्षीचा कोड कमी करून हप्त्यांनी वसूल होते. फॉर्म दिलाच नाही तर ०टी एम१ हा कोड लागतो, त्यात सूट अजिबात नसते.

मुख्य नोकरीतूनच १२,५७० च्या वर मिळत असेल, तर वाटणीच्या मागे लागू नका. २८,००० ची नोकरी आणि वर ५,००० चं शनिवार-रविवारचं काम असेल, तर १२५७एल आणि बीआर हीच जोडी अचूक आहे. वाटणी केली तरी एकूण टॅक्स तेवढाच, फक्त एका पेस्लिपवरून दुसरीवर सरकतो. वाटणीत खरा फायदा कुणाचा? ज्यांची मोठी नोकरीसुद्धा १२,५७० च्या खाली आहे आणि दोन्हीकडचे तास बऱ्यापैकी ठरलेले आहेत, त्यांचा. तास दर आठवड्याला बदलत असतील तर बीआर राहू देणं बरं. जास्त गेलेले पैसे परत मिळतात, उलट वाटणीचा अंदाज चुकला की कोड पुन्हा पुन्हा बदलून घ्यावा लागतो.

एकूण कमाई ५०,२७० च्या पुढे जात असेल तर बीआरवर विसंबू नका. ४५,००० आणि १२,००० मिळून ५७,००० होतात. वरच्या ६,७३० पौंडांवर ४० टक्के लागतात, पण बीआर २०च कापतो. म्हणजे १,३४६ पौंड कमी भरले जातात. उलट डी० कोड पूर्ण १२,००० वर ४० टक्के कापतो, ते १,०५४ ने जास्त होतात. दोन्ही नोकऱ्यांच्या अंदाजे कमाईचे ताजे आकडे एचएमआरसीला (ब्रिटनच्या कर खात्याला) कळवले की मधला मार्ग निघतो. (हे दर इंग्लंडचे. स्कॉटलंडमध्ये पट्टे वेगळे आणि कोडच्या आधी ‘एस’ असतो.)

नॅशनल इन्शुरन्सचा (पेन्शन वगैरेसाठी पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) टॅक्स कोडशी संबंध नाही. एम्प्लॉयर वेगवेगळे असतील तर तो प्रत्येक नोकरीत स्वतंत्र मोजतात, महिना १,०४८ पौंडांच्या वर. वरच्या उदाहरणात म्हणून तो शून्य आहे. हेच १,४०० पौंड एका नोकरीतून आले असते तर महिना सुमारे २८ पौंड गेले असते. मात्र एकाही नोकरीत महिना ५४२ पौंड (२०२५-२६ चा आकडा) मिळत नसतील, तर ते वर्ष सरकारी पेन्शनसाठी आपोआप मोजलं जात नाही. ४०० अधिक ४०० अशी विभागणी करण्याआधी, इथे स्थायिक व्हायचं असेल तर, याचा जरूर विचार करा.

वाटणी करून घ्यायची तर एम्प्लॉयरला सांगून उपयोग नाही; कोड बदलतं ते एचएमआरसी. आधी त्यांच्या ॲपवर किंवा पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये दोन्ही नोकऱ्या दिसतात का, सोडलेली जुनी नोकरी अजून चालू दाखवत नाही ना, हे बघा आणि अंदाजे कमाई दुरुस्त करा. मग ०३०० २०० ३३०० वर फोन करून सूट वाटायला सांगा. हाताशी नॅशनल इन्शुरन्स नंबर, दोन्ही पेस्लिप आणि त्यावरचा एम्प्लॉयरचा पीएवायई रेफरन्स (पगारातून टॅक्स कापण्यासाठीचा त्याचा नोंदणी क्रमांक) ठेवा. कोणत्या नोकरीवर किती सूट हवी हा आकडा आधीच काढून ठेवा, आणि छोट्या नोकरीला तिच्या पगारापेक्षा जास्त सूट देऊ नका. नवीन कोडपुढे एम१ किंवा डब्ल्यू१ नसेल, तर आधी जास्त कापलेला टॅक्स पुढच्या पगारात परत येतो. ती शेपटी असेल तर त्या कोडवर मागचा हिशेब होत नाही.

पुण्या-मुंबईहून सप्टेंबरमध्ये शिकायला येणाऱ्यांसाठी खास: सूट वर्षाची पूर्ण मिळते, उशिरा आलात म्हणून ती कमी होत नाही. २०२५-२६ च्या किमान दराने, म्हणजे ताशी १२.२१ पौंडांनी, आठवड्याला २० तास (व्हिसाची ही मर्यादा दोन्ही नोकऱ्या मिळून असते) २६ आठवडे काम केलं, तर ५ एप्रिलपर्यंत ६,३५० पौंडांच्या आसपास होतात. त्यावर टॅक्स शून्य. तरी दुसऱ्या नोकरीतल्या आठ तासांवर बीआर लागला तर आठवड्याला साडेएकोणीस पौंड जातात, आणि भाड्याच्या दिवसांत ते जाणवतात.

वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत दोन्हीकडून पी६० (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा दाखला) मिळतो. त्यांची बेरीज करून जास्त गेलेलं मागता येतं, चार वर्षांपर्यंत. त्यासाठी वाटा मागणाऱ्या एजंटची गरज नाही. अर्ज फुकट आहे. वर्षाच्या मध्येच भारतात कायमचे परतणार असाल तर पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा दाखला) घेऊन पी८५ (देश सोडत असल्याचं कर खात्याला कळवणारा) फॉर्म भरा, आणि परताव्यासाठी इथलं बँक खातं पैसे येईपर्यंत बंद करू नका.